सिंधूचा शेवट बदलावा का?

साताऱ्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं. त्या विद्यार्थ्यांना घेऊन दीड तासाचा कार्यक्रम बसवत आहेत. 'शारदा' आणि 'एकच प्याला' या जुन्या नाटकांतले प्रवेश आणि मधे काही जुन्या कविता असा बेत आहे. पहिल्याच वाचनाला मुली म्हणाल्या, "मॅडम, या बायका नुसत्या रडतात आणि सोसतात. आपण शेवट बदलूया, 'एकच प्याला'तल्या सिंधूला घराबाहेर काढूया." मुलांची अडचण वेगळी. एका मुलाला स्त्रीपार्ट करायचा आहे, पण लोक हसतील म्हणून बाकीचे त्याला मागे खेचतात. शेवट बदलावा का, आणि मुलाला साडी नेसवावी का, असे ताईंचे दोन प्रश्न आहेत.

मी सांगलीत हौशी रंगभूमीवर ३५ वर्षं काम करते आहे. आधी भूमिका केल्या, मग नाटकं बसवली, आता मुख्यतः नव्या मुलांच्या तालमी घेते. हे दोन्ही प्रश्न माझ्यासमोर दर दोन-तीन वर्षांनी येतात. एकदा मी स्वतः सिंधूचा शेवट बदललाही होता. त्याबद्दल पुढे सांगते, कारण माझं उत्तर तिथूनच आलं आहे.

ताई, तुमच्या मुली चुकीचं बोलत नाहीत. त्यांना जे खुपतंय ते खरं आहे. फक्त ते "रडतात" या शब्दात मावत नाही. बाई किती वेळा रडली हे मोजून नाटकाबद्दल फारसं काही कळत नाही. तिने उच्चारलेल्या शब्दाचं पुढे काय होतं ते पाहा. तालमीच्या पहिल्या आठवड्यात मी मुलांच्या हातात पेन्सिली देते. संहितेतलं बाईचं प्रत्येक वाक्य घ्यायचं आणि त्याखालचं दुसऱ्या पात्राचं वाक्य वाचायचं. ते तिला उत्तर आहे का? की समोरच्याने विषयच बदलला, तिला गप्प केलं, किंवा तिच्याबद्दल तिसऱ्याच माणसाशी बोलायला लागला? जिथे उत्तर नाही तिथे समासात रेघ मारायची. तासाभरात पानंच्या पानं रेघांनी भरतात. मुली शांत होतात आणि मुलं त्याहून शांत होतात. त्यानंतर "नुसत्या रडतात" असं कुणी म्हणत नाही. ती बोलतेय, कुणी ऐकत नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसलेलं असतं.

आपल्या रंगभूमीची सुरुवातच घ्या. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने, 'सीतास्वयंवर' केलं. दरवर्षी त्या दिवशी आम्ही इथे रंगभूमी दिन साजरा करतो. त्या खेळात सीतेचं काम अर्थातच बाईने केलेलं नव्हतं. पण मला त्याहून जास्त विचार करायला लावतं ते नाटकाचं नाव. नाव 'स्वयंवर', म्हणजे वधूने स्वतः वर निवडायचा. आणि निवड करतं कोण? धनुष्य. जो ते उचलून प्रत्यंचा चढवेल त्याच्या गळ्यात माळ. सीतेच्या मनात राम असेलही, पण तिचं मन हा पुरावा धरला जात नाही.

एकदा हे दिसलं की मग सगळीकडे दिसू लागतं. शकुंतलेचं पाहा. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंत काही विसरलेला नसतो. लोक काय म्हणतील म्हणून तो तिला ओळख देत नाही, आणि ती भर दरबारात त्याला खडसावते, धर्म सांगते. तरी तिचं म्हणणं पुरत नाही. आकाशवाणी होते, मग तो कबूल होतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप घातला, अंगठी घातली. राजाचा दोष धुऊन निघाला, पण तिच्या शब्दाची जागा अंगठीने घेतली. मासळीच्या पोटातून अंगठी निघेपर्यंत शकुंतला खोटी. शिवाय संस्कृत नाटकाच्या रिवाजाप्रमाणे राजा संस्कृतात बोलतो आणि शकुंतला प्राकृतात. एकमेकांवर जीव टाकणारी दोन माणसं दोन दर्जांच्या भाषा बोलत असतात. नाटकातल्या बायकांची गाणी ज्या माहाराष्ट्री प्राकृतात असत, ती आपल्या मराठीची पूर्वज, हे मुलांना आवर्जून सांगा. राजाची भाषा पाठशाळेत राहिली, आणि बाईच्या गाण्याच्या भाषेचं कूळ आज आपल्या तोंडात आहे. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकात एका प्रसंगी वसंतसेना नायक चारुदत्ताच्या मित्राशी, मैत्रेयाशी, संस्कृतात श्लोक बोलते. तेवढ्यापुरती ती भाषेचा उंबरा ओलांडते. ती गणिका आहे, शिकलेली आहे, म्हणून तिला ते जमतं. चारुदत्ताची बायको धूता ओलांडत नाही.

आता तुमची 'शारदा'. हे नाटक १८९९चं, गोविंद बल्लाळ देवलांचं, आणि देवल आमच्या हरिपूरचे. सांगलीहून हरिपूरला चालत जाता येतं. संगमेश्वराच्या घाटावर उभं राहिलं की कृष्णा आणि वारणा एकमेकींत मिसळताना दिसतात. मी 'शारदा' बसवते तेव्हा मुलांना एकदा तरी त्या घाटावर नेते. नाटकातली शारदा शेवटी जीव द्यायला नदीकडे जाते. नदी म्हणजे रंगवलेला पडदा नाही, पावसाळ्यात तिचं पाणी कुठवर चढतं आणि त्याचा आवाज कसा येतो, हे अंगावर घेतल्याशिवाय तो प्रवेश नकली होतो. साताऱ्यात तुम्हाला माहुलीचा संगम आहे, तिथे न्या.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी पोर पाऊणशे वयाच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. तिच्या मैत्रिणी त्या थेरड्याची टर उडवतात. ती आईपुढे आक्रोश करते, मान चिरून टाक पण हे नको असं पदात म्हणते. बाईच्या तोंडी इतका स्वच्छ नकार त्या काळच्या रंगमंचावर दुर्मिळ होता, आणि तो लिहिल्याबद्दल देवलांपुढे मी नतमस्तक आहे. पण लग्न मोडतं कशाने? मुलगी नको म्हणते म्हणून नाही. वधू-वर एका गोत्राचे निघतात म्हणून. रंगमंचावरच्या सगळ्यांनी तिचा टाहो ऐकलेला असतो, प्रेक्षकांनी ऐकलेला असतो, तरी भटजींचे मंत्र थांबतात ते गोत्राच्या नावाने. सीतेचं धनुष्य, शकुंतलेची अंगठी आणि शारदेचं गोत्र ही एकाच कामाची साधनं आहेत.

म्हणून तुमच्या मुलींना सांगा, या प्रवेशात शारदा रडते की नाही हे महत्त्वाचं नाही. लग्न थांबतं तेव्हा ती काय करते हे महत्त्वाचं आहे. बहुतेक जण तिला तिथे सुटकेचा निःश्वास टाकायला लावतात. मी एका मुलीला काहीच करू नकोस म्हटलं होतं. फक्त मंडपातल्या एकेकाकडे बघ. मी ओरडले तेव्हा तुम्ही सगळे इथेच होता ना, एवढंच डोळ्यांत ठेव. ती मुलगी भाजीवाल्याची, पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिलेली. तिने आईकडे सगळ्यात जास्त वेळ बघितलं. ते मी सांगितलेलं नव्हतं. आईचं, म्हणजे इंदिराकाकूंचं, काम करणारी बाई त्या नजरेने खाली बघायला लागली. लेकीचं दुःख कळतं पण घरात शब्द चालत नाही, अशा आईचं सगळं त्या खाली गेलेल्या मानेत आलं. देवलांच्या संहितेतला एक शब्दही बदलावा लागला नाही.

आता सिंधू. इथे मला थोडं थांबायचं आहे.

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९मध्ये रंगमंचावर आलं. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. सुधाकर वकील, मानी, दारूच्या आहारी जातो. सिंधू माहेरची मदत नाकारून लोकांची दळणं दळते. शेवटी दारूच्या धुंदीत त्याच्या हातून मूल जातं आणि सिंधूही जाते. जाताना ती नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देते.

बरीच वर्षं झाली त्याला. मी हा शेवटचा भाग बसवत होते आणि माझ्याच्याने ती जबानी ऐकवेना. मला वाटलं, आजच्या मुलींपुढे हे ठेवणं म्हणजे त्यांना सोसायला शिकवणं. म्हणून मी तो भाग काढला. माझी सिंधू मूल उचलून दाराबाहेर पडायची, प्रकाश तिच्या पाठीवर. टाळ्या खूप पडल्या. प्रयोग संपल्यावर जिल्ह्यातल्याच एका गावाहून आलेल्या वयस्क बाई मेकअपच्या खोलीत आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी. त्या म्हणाल्या, "पोरी, ती पोलिसाला काय बोलली ते का काढलंस? माझी आई पण तसंच बोलली होती. जिन्यावरनं पडले म्हणाली. तू तिला बाहेर काढलीस, बरं केलंस. पण माझी आई बाहेर नव्हती गं पडली." एवढं बोलून त्या बसायला थांबल्या नाहीत, एसटी गाठायची होती.

त्या रात्री मी संहिता पुन्हा उघडली, आणि इतकी वर्षं वाचून मला न दिसलेली गोष्ट दिसली. पूर्ण नाटकभर सिंधू खरं बोलते आणि तिचं खरं कुणी ऐकत नाही. तिचा शब्द सरकारी कागदावर जायची वेळ येते ती एकदाच, आणि तेव्हा तो शब्द खोटा असतो. सीता, शकुंतला, शारदा यांना पुरावा म्हणून बाहेरची वस्तू लागली. सिंधू स्वतःच पुरावा आहे. तिच्या अंगावर, तिच्या रक्तात सगळं लिहिलेलं आहे, आणि तिचा शब्द त्यावर पांघरूण घालतो. गडकऱ्यांच्या मनात पातिव्रत्याचा गौरव होता की आणखी काही, यावर वाद घालता येईल. माझं मत असं की त्यांना गौरव करायचा होता, पण ते इतके मोठे लेखक होते की गौरवाच्या आतली भयानकता त्यांच्या लेखणीतून उतरली. मी शेवट बदलून ती भयानकता पुसली होती. जळीत वॉर्डात "स्टो भडकला" असं सांगून गेलेल्या कितीतरी बायकांची आठवण त्या जबानीत आहे. ती काढून टाकली तर त्यांच्या बाजूने उभं राहायला रंगमंचावर कुणी उरत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: शेवट बदलू नका. त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी ठेवा. तुमच्या कार्यक्रमात कविता आहेतच, त्यांचा उपयोग या कामासाठी करा. दोन प्रवेशांमधली विश्रांती म्हणून कविता नकोत. जी बाई प्रवेशात बोलू शकली नाही तिच्याजवळ दुसरी एक बाई आणून बसवायची आहे, जिचा शब्द कुणाच्या परवानगीवाचून उभा आहे.

आणि अशा बायका तुमच्या-माझ्या पंचक्रोशीतच आहेत. मिरजेच्या वेणाबाई घ्या, समर्थ रामदासांच्या शिष्या. बालविधवा. समर्थांनी त्यांच्याकडे मिरजेचा मठ सोपवला, त्या कीर्तनाला उभ्या राहत. त्या काळात विधवेने लोकांसमोर उभं राहून बोलायचं म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. त्यांची समाधी तुमच्या सज्जनगडावर आहे. आणि त्यांच्या काव्याचं नाव काय? 'सीतास्वयंवर'. भाव्यांच्या नाटकाआधी दीडशेहून अधिक वर्षं, सांगलीपासून दोन-अडीच कोसांवर बसून एका बाईने तीच कथा ओवीत लिहून ठेवली होती. सांगलीत मोठी झालेली मी, रंगभूमी दिनाला किती वर्षं पुष्पहार घेऊन उभी राहिले, पण हे मला चाळिशीत कळलं. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही तुमच्या मुलांना विशीत सांगा.

जनाबाईचा "डोईचा पदर आला खांद्यावरी" हा अभंग तुमच्या मुलींना पाठ असेल. तो गाऊ नका, बोला. गायला की लोक चालीत रमतात आणि भरल्या बाजारात जायची तिची घोषणा भजन होऊन जाते. तिची नाममुद्रा बघा, 'नामयाची जनी'. सहीतही पुरुषाचं नाव आहे, तरी सही तिची आहे. एखाद्या मुलीने हे दोन शब्द वेगवेगळे, मधे श्वास घेऊन म्हटले तर बसलेल्या माणसांना बरंच काही समजतं.

सावित्रीबाई फुले नायगावच्या, म्हणजे तुमच्याच जिल्ह्याच्या. त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४चा. लोक त्यातल्या शिक्षणावरच्या कविताच घेतात. त्यात जाईच्या फुलावर, पिवळ्या चाफ्यावरही कविता आहेत. त्यातली एक नक्की घ्या. बाईने लिहिलं तर दुःख किंवा उपदेशच लिहायला हवा, ही सुद्धा एक बेडीच आहे. तेवीस वर्षांची मुलगी फुलाकडे बघून कविता लिहिते, एवढं साधं सुखही मंचावर येऊ द्या.

आणि जोतीरावांचं 'तृतीय रत्न'. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तेही साताऱ्यातलंच. हे नाटक १८५५चं. लेखनाला बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं, म्हणून तेव्हा रंगमंचावर आलं नाही. त्यात जोगाबाई ही गरोदर कुणबी स्त्री आहे. जोशी तिला ग्रहांची भीती घालून घरातलं किडूकमिडूक लुबाडतो. शेवटी नवरा-बायको दोघं शिकायला जायचं ठरवतात. तुमच्या मुलींना घराबाहेर पडणारी बाई हवी होती ना? ती इथे आहे. सिंधूच्या चौसष्ट वर्षं आधी, मरायला नाही तर शाळेला निघालेली, आणि नवऱ्याबरोबर निघालेली. शारदेच्या प्रवेशानंतर लगेच जोगाबाई येऊ द्या. मधे निवेदन ठेवू नका, लोकांना जोडू द्या.

एक विनंती मात्र आहे. कवी यशवंतांची 'आई' ही कविता मुलं हमखास सुचवतील, कारण ती सुंदर आहे आणि कवी तुमच्या चाफळचे. घ्यायला हरकत नाही, पण पहिल्या फेरीत नको. बाईवर पुरुषांनी लिहिलेल्या कवितांत आई आणि प्रेयसी यांचीच गर्दी फार असते. आधी बायकांचा स्वतःचा आवाज नीट स्थिर होऊ द्या. लावणीचंही तसंच. पठ्ठे बापूराव, म्हणजे आमच्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, यांनी बाईच्या मुखी लावण्या लिहिल्या आणि पवळाबाईने त्या गाजवल्या. शब्द एकाचे, गळा आणि अदा दुसरीची. हा विषय इतका मोठा आहे की दीड तासाच्या कार्यक्रमात कोंबला तर त्याची नुसती झलक उरेल. पुढच्या वर्षी त्यावर वेगळं काही करा.

आता तुमच्या त्या मुलाबद्दल. त्याला स्त्रीपार्ट जरूर करू द्या.

ही आपल्याकडची परंपराच आहे, आणि तिचा शिखरपुरुष नागठाण्याचा. नारायण श्रीपाद राजहंस, आपले बालगंधर्व. भामिनी, रुक्मिणी, सिंधू ही त्यांची कामं. घरंदाज बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला आणि केसात फुलं माळायला लागल्या, असं माझ्या आजीच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं. यात विचार करण्यासारखी गोष्ट अशी की बाईने कसं चालावं, कसं लाजावं याचा नमुना एका पुरुषाकडून बायकांकडे आला. आज माझ्याकडे येणाऱ्या मुली जीन्समध्ये वाढलेल्या असतात, दुचाकीवरून येतात. त्यांना नऊवारी नेसवली की आधी त्यांची ढांग अडते. मी त्यांना जी चाल शिकवते तीही त्याच नटांच्या परंपरेतून आलेली आहे. म्हणून मी आता दोन चाली शिकवते. एक नाटकातली, घरंदाज. दुसरी शेतात काष्टा घालून भांगलणाऱ्या बाईची, जिची ढांग पुरुषाएवढीच असते. लुगडं तेच नऊ वारी असतं.

मुलाला काय सांगायचं? आवाज किनरा करू नकोस. छातीला कापसाचे गोळे बांधायच्या फंदात पडू नकोस. हात कुठे ठेवायचे हे सुटलं तर अर्धं काम झालं, म्हणून महिनाभर आधी लुगडं नेसून तालमीला ये, त्यातच पाणी भर, जिना चढ, मांडी घालून बस. पदर सावरण्याची क्रिया दाखवू नकोस. पदर खरोखर घसरेल तेव्हाच सावर. पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षागृहात हशा होईल, तो होऊ दे. बोलायचं थांबू नकोस आणि हसणाऱ्यांकडे बघूही नकोस. तिसऱ्या मिनिटाला लोक नटाला विसरतात. हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

पण एक अट. स्नेहसंमेलनात साडी नेसून कंबर हलवणारा मुलगा आणि त्यावर शिट्ट्या, हा प्रकार तुमच्या कार्यक्रमाच्या आसपासही नको. तमाशाच्या गौळणीतली मावशी पुरुष करतो, तिथे विनोद ठरलेला आहे आणि त्याचं स्वतःचं शास्त्र आहे. स्नेहसंमेलनातल्या त्या नकलेत बाईपणाचीच टिंगल असते. तुमचा मुलगा ज्या दिवशी इंदिराकाकूंची खाली गेलेली मान करू शकेल, त्या दिवशी त्याला मागे खेचणारी मुलं त्याच्याकडे शिकायला येतील. त्याला शारदा नको, इंदिराकाकूच द्या. तरुण मुलाने तरुण मुलगी केली की लोक रूपाकडे बघतात. आई केली की ओझ्याकडे बघतात.

बायका स्वतः रंगमंचावर यायला फार उशीर लागला, हेही मुलांना सांगा. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी संगीत नाटकात भूमिका करायचं धाडस दाखवलं. १९३३ला मुंबईत 'आंधळ्यांची शाळा'मध्ये बायकांची कामं बायकांनी केली, ज्योत्स्ना भोळे त्यात होत्या. १८४३पासून मोजा म्हणजे नव्वद वर्षं होतात. या नव्वद वर्षांत लिहिल्या गेलेल्या बहुतेक भूमिका पुरुषाच्या देहासाठी, पुरुषाच्या गळ्यासाठी लिहिलेल्या आहेत. लेखकाला तालमीत "असं बाई बोलणार नाही" असं सांगणारी बाई समोर नव्हती. तुमच्या मुली आज ते सांगत आहेत. त्यांना वहीत लिहून ठेवायला सांगा, प्रवेशागणिक. संहिता बदलू नका, पण ती वही प्रयोगाच्या दिवशी दाराशी ठेवा, येणारे वाचतील.

नाटककार खाडिलकरांबद्दल थोडंसं, कारण ते सांगलीचे आणि कुणीतरी 'कीचकवध' सुचवेलच. १९०७चं ते नाटक, १९१०ला सरकारने बंद केलं. प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय कर्झन दिसला आणि सैरंध्रीत, म्हणजे अज्ञातवासातल्या द्रौपदीत, देश. त्यामुळे नाटक पेटलं, पण द्रौपदीचं स्वतःचं दुःख देशाच्या नावे जमा झालं. तुम्ही करणार असाल तर तिला आधी बाई म्हणून उभी करा, मग लोकांना हवा तो अर्थ लावू दे. मला त्यांची रुक्मिणी जास्त जवळची वाटते. १९१६चं 'स्वयंवर'. भागवतातली रुक्मिणी स्वतः पत्र लिहून कृष्णाला बोलावते आणि तो येतो. बाईने शब्द पाठवला आणि त्या शब्दावर गोष्ट हलली, हे आपल्या जुन्या कथांत विरळा. वेळ उरला तर तेवढं पत्र वाचा.

आता शेवटचं, जात्याबद्दल. सिंधूचा दळणाचा प्रवेश घेणार असाल तर जातं खरं आणा. थर्मोकोलचं नको. माझ्याकडच्या एका मुलीला मी तिच्या चुलत आजीकडे आठ दिवस दळायला पाठवलं होतं. परत आली ती तळहातावर फोड घेऊन, आणि म्हणाली, "बाई, दळताना रडता येत नाही. दमच पुरत नाही. आजी ओवी म्हणते ती दम पुरवायला." त्यानंतर तिची सिंधू दळताना रडायची नाही. खुंटा ओढताना तिचे शब्द तुटायचे, मूठभर दाणे तोंडात सोडताना जुळायचे, आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्याच आजीने तिला एक ओवी दिली होती. तुम्हीही ऐकली असेल, गावागणिक थोडी बदलते:

अस्तुरी जन्मा नको घालू सख्याहरी
रात न् दिस परायाची ताबेदारी

या ओवीला सही नाही. लिहिणारीने मागे नाव ठेवलं नाही आणि कुणाची साक्षही काढली नाही. सिंधूच्या जबानीनंतर दिवे घालवू नका. मेलेल्या सिंधूला तशीच पडून राहू दे. तुमच्यातली दुसरी एक मुलगी येऊन त्याच जात्याशी बसू दे, दळू दे आणि ही ओवी म्हणू दे. टाळ्यांसाठी जागा सोडू नका.

ओव्या माझ्याकडून घेऊ नका. तुमच्या मुलामुलींना रविवारी घरी पाठवा. माण, खटाव, पाटण, जावळी जिथली असतील तिथली. आज्यांकडून, थोरल्या चुलत्यांच्या बायकांकडून ऐकून, जसं म्हटलं तसं लिहून आणू दे, व्याकरण दुरुस्त न करता, गावाचं नाव घालून. कार्यक्रमाला त्या बायकांना बोलवा आणि पहिल्या रांगेत बसवा, तिथे पाहुण्यांसाठी खुर्च्या अडवू नका.

आणि जात्याखाली दुहेरी गोणपाट घाला. फळ्यांच्या रंगमंचावर दगडाची घरघर फार घुमते, आणि मग ओवीचे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाहीत.